मदत हवी आहे: गिटारला जादा स्विच टाकला, पण ब्रिज आणि नेक एकत्र लावले की आवाजच मरतो

बारीक_तार
मंडळी जरा लवकर सांगा, शनिवारी गंगापूर रोडला वाजवायचंय आणि गिटार टेबलावर उघडी पडलीये. नेक पिकअप (गळ्याजवळचा; पिकअप म्हणजे तारांचा आवाज पकडणारं चुंबकी वेटोळं) कधीही चालू करता यावा म्हणून एक छोटा टॉगल (चालू-बंदचा स्विच) टाकला, म्हणजे ब्रिजजवळचा (बॉडीवर तारा टेकतात तिथला) आणि नेकचा एकत्र मिळतील. स्विच चालतो, पण ऑन केला की आवाज एकदम बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, बेस गायब. वायरिंग तीनदा तपासलं, बरोबर आहे. काय चुकतंय?

सिडकोकर
गिटार कोणती? पिकअप कोणते? टॉगलच्या पायांना काय काय जोडलंय? फोटो टाका.

बारीक_तार
फेंडर स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅटसारखी, तीन पिकअप, पाच पोझिशनचा स्विच, नेहमीचंच. नेकची हॉट (सिग्नलची) वायर जिथे स्विचला आहे तिथून एक तार टॉगलला आणि टॉगलवरून व्हॉल्यूम पॉटला (आवाजाच्या बटणाला). फोटो संध्याकाळी टाकतो, आत्ता अंबडला कामावर आहे.

पुशपुलवाला
प्लेटला भोक पाडलंच कशाला भाऊ? एक टोन पॉट काढून तिथे पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विचचं काम करणारा) टाकायचा, बाहेरून काही दिसत नाही. मी दोन गिटारींना तेच केलंय. लॅमिंग्टन रोडवर पॉट मिळतात, मुंबईला कोणी जाणार असेल तर सांगून ठेवा. फक्त बॉडीची खोली आधी मोजा, पुश-पुल उंच असतो, पातळ बॉडीत तळाला टेकतो.

जुना_वाजवणारा
टॉगल टाकला त्यात काही चुकीचं नाही. १९५४ ची स्ट्रॅट आली तेव्हा तीनच पोझिशन होत्या, लोक स्विच मधेच अडकवून दोन पिकअप एकत्र वाजवायचे, पाचचा स्विच कंपनीने १९७७ मध्ये दिला. आणि त्या पाचातही ब्रिज आणि नेकची जोडी नाहीच. ती हवी तर असंच काहीतरी करावं लागतं. क्वीन बँडच्या ब्रायन मेने तर वडिलांसोबत घरी गिटार बनवली तिच्यात प्रत्येक पिकअपला चालू-बंदचा वेगळा आणि फेजचा (आवाजाची लाट उलटी करणारा) वेगळा स्विच ठेवलाय.

पंचवटीतला
आधी घरचं अर्थिंग बघा. आमच्या जुन्या वाड्यात तीन पिनच्या सॉकेटला तिसरी तारच जोडलेली नव्हती, अँप सतत गुणगुणायचा, मी सहा महिने गिटारला दोष देत होतो. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं तेव्हा शांत झालं.

सिडकोकर
दादा, त्यांना गुणगुण नाहीये, आवाज बारीक होतोय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
@बारीक_तार टॉगल बंद ठेवा आणि एवढंच सांगा, दोन नंबरला, म्हणजे ब्रिज आणि मधला, आवाज कसा आहे? आणि चार नंबरला, म्हणजे मधला आणि नेक?

बारीक_तार
चार मस्त आहे. दोन नंबर तर आधीपासूनच बारीक आहे, दिवाळीत ब्रिजचा सिंगल (एका वेटोळ्याचा) काढून हंबकर (दोन वेटोळ्यांचा) बसवला तेव्हापासून. मला वाटलं हंबकर आणि सिंगल एकत्र आले की असंच होत असेल. मी दोन नंबर वापरतच नाही.

सिडकोकर
अहो हेच तर आधी सांगायचं! टॉगलचा काही संबंध नाही. तुमचा हंबकर बाकी दोघांच्या उलट्या फेजमध्ये लागलाय. एकाची लाट वर जाते तेव्हा दुसऱ्याची खाली, मग खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि वरचा किनरा आवाज तेवढा उरतो. दोन नंबरला दिसत होतं ते टॉगलने ब्रिज आणि नेकलाही दाखवलं. हंबकरच्या वायरी किती आणि कुठे जोडल्यात?

पुशपुलवाला
मग नेकच्या दोन वायरी उलट करा, पाच मिनिटांचं काम. हंबकर कशाला उपसायचा.

सिडकोकर
नको. नेक उलटा केला तर मधल्याशी बिघडेल, आत्ता छान असलेला चार नंबर मरेल आणि दोन नंबर तसाच राहील. एकटा उलटा आहे तो हंबकर, त्यालाच फिरवायचं.

बारीक_तार
चार रंगीत आणि एक उघडी तार. काळी स्विचला, पांढरी आणि लाल एकमेकींना जोडून टेप लावलीये, हिरवी आणि उघडी पॉटच्या पाठीवर.

पुशपुलवाला
लाल हॉट असते!! काळी-पांढरी जोडायची असते. तुमचं मुळातच चुकलंय.

सिडकोकर
ते डिमार्झिओ कंपनीचं. सेमूर डंकनच्या रंगात काळी हॉट, पांढरी-लाल जोडलेली, हिरवी ग्राउंड. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे, यांची जोडणी डंकनच्या पद्धतीने झालीये आणि पिकअप पूर्ण वाजतोय, म्हणजे पांढरी-लालला हात लावायचा नाही. हिरवी उचलून स्विचला, काळी पॉटच्या पाठीवर. उघडी तार आहे तिथेच ग्राउंडला राहू द्या, तीपण फिरवली तर पिकअपच्या पत्र्याला हात लागला की घूं सुरू होईल.

जुना_वाजवणारा
आतला मॅग्नेट उलटा केला तरी फेज फिरते, सोल्डर लागतच नाही.

सिडकोकर
फिरते, पण मेणात बुडवलेला पिकअप परवाच्या कार्यक्रमासाठी उघडायला मी तरी सांगणार नाही. चार वायरी बाहेर आहेत ना. दोनच वायरीवाला, जाळीच्या वायरीचा असता तर तुमचं म्हणणं कामाला आलं असतं.

कॉलेजरोड_९२
हंबकर आहे तर पॉट ५०० के (किलोओहम) टाका, २५० वर दबलेला वाटतो.

पुशपुलवाला
दोन सिंगल आहेत की अजून, ५०० वर ते टोचतील. २५० च राहू द्या.

सिडकोकर
तो वाद शनिवारनंतर घाला. @बारीक_तार सोल्डर करायच्या आधी खात्री करा. केबल लावा, टॉगल बंद, काट्याचा मल्टिमीटर सगळ्यात छोट्या डीसी रेंजवर ठेवून केबलच्या दुसऱ्या टोकाला लावा. एक नंबरला ब्रिज पिकअपच्या खिळ्यावर लोखंडी स्क्रूड्रायव्हर टेकवून झटकन उचला, काटा कुठे जातो बघा. मग पाच नंबरला नेकवर तसंच. काटे उलटसुलट गेले तर उत्तर मिळालं. आणि पॉटच्या पाठीवर २५ वॅटची गन पुरत नाही, टाका वरवरचा बसतो. ६० ची घ्या, जागा आधी पॉलिश पेपरने घासा.

बारीक_तार
आत्ता रात्रीचे पावणेबारा. काट्याचा मीटर शेजारच्या काकांकडे निघाला, काटे खरंच उलटे गेले. हिरवी-काळी बदलली. टॉगल ऑन केला आणि भरलेला आवाज आला, तीन महिन्यांनी दोन नंबरही जिवंत झाला!! सिडकोकर दादा खूप खूप आभार. आता एकच, दोन नंबरला थोडी गुणगुण राहिलीये, तारांना हात लावला की कमी होते.

सिडकोकर
हात लावल्यावर कमी होते म्हणजे तारांचं ग्राउंड शाबूत आहे. हंबकर आणि सिंगल एकत्र आहेत, एवढी राहणारच. ट्यूबलाइटपासून लांब उभे राहा, शनिवारी बिनधास्त वाजवा.

पंचवटीतला
तरी हॉलचं अर्थिंग बघून घ्या.