भाचा बी.ए. मराठीला, नोट्स पीडीएफमध्ये. फोन त्या नीट वाचत नाही

वाळपईची मावशी
नमस्कार मंडळी. माझा भाचा आमच्याकडे राहून बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मराठी. नजर लहानपणापासूनच अधू, आता छापील अक्षर जवळजवळ दिसतच नाही. फोनवर पडद्यावरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक लावून व्हॉट्सॲप, बातम्या सगळं झरझर ऐकतो. अडतं ते नोट्सपाशी. ग्रुपवर सर पीडीएफ टाकतात. काही उघडल्या की फोन गप्प. काही वाचतो, पण संतसाहित्याचं प्रकरण सुरू व्हायचं तिथे "कॅपिटल एस, डॉलर, कंस पूर्ण" असलं काहीतरी ऐकू येतं.

मी वाचून दाखवते, पण माझी नोकरी आहे, घर आहे, रोज जमत नाही. आणि त्यालाही ते नको असतं. म्हणाला, "मावशी, तू थांबतेस तिथे मला थांबायचं नसतं." मला काही बोलताच आलं नाही.

शिवाय शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन फॉर्मवर वेडीवाकडी अक्षरं ओळखून लिहायची असतात, ऐकायची सोय नाही. दुकानदार म्हणतो, महागातला फोन घ्या. घेऊ का?

म्हापशाचा डीटीपीवाला
ताई, फोनवर पैसे घालू नका, फोनचा काही दोष नाही. गप्प बसतात त्या पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटो, त्यात अक्षरं नाहीतच. कंस-डॉलर ऐकू येतात त्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधल्या. या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. डोळ्याला "क" दिसतो, संगणकाला तिथे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच सापडतं. आमच्या धंद्यात छपाईसाठी हे फॉन्ट वर्षानुवर्षं चालले, अजून चालतात, आणि कॉलेजच्या जुन्या नोट्स त्यातच टाइप झालेल्या असतात.

जुन्या फॉन्टची मूळ फाइल मिळाली तर ती युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट आहेत. युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक, मग कुठलाही फोन ते वाचतो. मात्र सरांकडे पीडीएफ मागू नका, वर्ड फाइल मागा. युनिकोडमध्ये टाइप केलेलं मराठीसुद्धा पीडीएफ केल्यावर पुष्कळदा बिघडतं, वेलांट्या जागा बदलतात, जोडाक्षरं फुटतात.

फोंडेकर
मी स्वतः पूर्ण अंध आहे, एम.ए. मराठीच केलं, आता कचेरीत नोकरीला आहे. भाच्याचं ते वाक्य मी परत परत ऐकलं. दुसरा माणूस वाचतो तेव्हा त्याच्या आवाजाबरोबर त्याने लावलेला अर्थही आपल्यावर येऊन बसतो. ओवी स्वतः वाचायची म्हणजे अर्ध्यावरून मागे जायचं, एका शब्दावर रेंगाळायचं, कंटाळवाणी प्रस्तावना भरधाव सोडून द्यायची. डोळस विद्यार्थी हे सगळं न विचारता करतो. तुमच्या भाच्याला तेवढंच हवंय.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, शुद्धलेखनाची. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलाला "दिन" आणि "दीन" सारखेच. अक्षरागणिक कर्सर फिरवता आला तरच वेलांटी पहिली की दुसरी ते समजतं. म्हणून फोनबरोबर त्याला संगणकावर एनव्हीडीए शिकू द्या. विंडोजवर चालणारा हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, फुकट आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 2006 साली तो सुरू केला, मग जेम्स टे हा त्याचा अंध मित्र येऊन मिळाला. मराठी आवाजही त्यात मिळतो. सुरुवातीला आवाज यांत्रिक वाटेल, कान बसला की वेग वाढवत न्यायचा.

आजचं काम भागवायचं असेल तर पीडीएफ गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा. चित्रातली अक्षरं ओळखून तो मजकूर करून देतो. फाइल मोठी असेल तर तुकडे करून चढवा. जुन्या ओव्यांत चुका होतात, "घ" चा "ध", "भ" चा "म", म्हणून नुसती नजर फिरवून दुरुस्त करा. मावशी, तुमचा वेळ वाचून दाखवण्यापेक्षा इथे घाला. एकदा नीट झालेली फाइल परीक्षेपर्यंत त्याची राहते.

सरांना विनवणीच्या सुरात लिहू नका. सरळ लिहा: "सर, पीडीएफ स्क्रीन रीडरला वाचता येत नाही, मूळ वर्ड फाइल युनिकोडमध्ये द्यावी." 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 42वं कलम माहिती सर्वांना वापरता येईल अशा रूपात मिळावी असंच सांगतं. फॉर्मच्या बाबतीत, 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, संविधानाच्या 21व्या अनुच्छेदाचा, भाग मानला. तो खटला केवायसीचा होता, डोळे मिचकावून दाखवा म्हणणाऱ्या ॲपचा. त्याचा उल्लेख करून पोर्टलच्या तक्रार विभागात लेखी कळवा, प्रत राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांना. पणजीत 2023पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो, त्याचा मला अभिमान आहे. त्या उत्साहातला थोडा वाटा रोजच्या फाइलींना मिळावा असं मनापासून वाटतं.

पेडण्याच्या बाई
मी उच्च माध्यमिकला मराठी शिकवते. बऱ्याच शिक्षकांना युनिकोड टायपिंग येत नाही आणि सांगायला संकोच वाटतो, त्यामुळे फोटो काढून पाठवणं सुरू राहतं. त्यांना फोनवर बोलून टाइप करायला शिकवा. मी आता अख्खा धडा बोलून लिहिते आणि नंतर विरामचिन्हं घालते.

संदर्भग्रंथ स्कॅन करायला घाबरू नका. 2012च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा दिव्यांग व्यक्तीसाठी पुस्तक वाचनीय रूपात करून द्यायला परवानगी देतो, अभ्यासासाठी तर नक्कीच. आधी सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, कदाचित कुणी ते आधीच केलं असेल.

वाळपईची मावशी
सगळ्यांचे आभार. ड्राइव्हवाला उपाय लगेच केला, त्याने पहिलं प्रकरण एकट्याने ऐकलं, दार लावून. सरांनाही लिहिलं. परीक्षेचं काय, लेखनिक आणि जादा वेळ मिळतो ना?

फोंडेकर
मिळतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटं जादा आहेत, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. दिव्यांगत्वाचा दाखला लागेल. अर्ज परीक्षेचा फॉर्म भरतानाच द्या आणि पोच घ्या, पेपरच्या आदल्या दिवशी धावपळ नको. लेखनिकाबरोबर आधी एखादा जुना पेपर सोडवून घ्या. ओवी सांगताना चरण कुठे तोडायचा, अवतरणचिन्ह कुठे द्यायचं, हे बोलून सांगायची सवय त्यालाही लागते आणि लिहिणाऱ्यालाही.