उत्तरायणाला बडोद्यात जावं की पुढच्या शनिवार-रविवारी?

प्रतापगंज:

बडोद्यात राहणाऱ्यांनो आणि बडोदं सोडून गेलेल्यांनो, सल्ला हवा आहे.

आम्ही चौघी एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सायन्स फॅकल्टीतल्या. तिघी होस्टेलवर, चौथी दांडिया बाजारातून घरून यायची. आता मी ठाण्याला, एक नाशिकला, एक टोरांटोला. दांडिया बाजारवाली अजून त्याच घरात आहे आणि तिची आई, म्हणजे आमच्या काकू, तिच्याजवळ. टोरांटोवाली जानेवारीत येते आहे. यंदा १४ आणि १५ जानेवारी नेमके शनिवार-रविवारला आलेत, उत्तरायण आणि वासी उत्तरायण. चौघींनी तेव्हाच भेटावं असं माझ्या मनात आहे.

कारण काकू. होस्टेलच्या मुलींना सणाला घर आठवतं हे त्यांना न सांगता कळायचं. संक्रांतीला सकाळी उठून आम्ही थेट त्यांच्याकडे. आधी तिळगूळ, मग अगाशी, म्हणजे गच्ची. दुपारी उंधियू आणि जलेबी वरच यायची, कारण खाली उतरायला कोणी तयार नसायचं. अंधार पडला की समोरच्या पोळातून, म्हणजे जुन्या गल्लीतल्या घरांवरून, तुक्कलं चढायची, एका दोरीवर कागदी कंदिलांची रांग. काकू पदर खोचून स्वतः पतंग उडवायच्या. पेच लागला की फिरकी धरणारीला त्यांचा असा दम असायचा की हात आपोआप चालायचे. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला मी इतकी एकाग्र कधी नव्हते!

आता काकूंनी ऐंशी ओलांडलीत आणि दोन वर्षं त्या अगाशीवर गेलेल्या नाहीत. नाशिकवालीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन सहा महिने होताहेत. दांडिया बाजारच्या त्या घराचा जिना लाकडी, उभा, धरायला एक दोर.

घरची मैत्रीण म्हणते, उत्तरायणाला येऊ नका, २१-२२ ला या. सगळं उघडं असेल, आपण शहर पाहू. तिचंही खरं आहे. शिकताना आमचं बडोदं म्हणजे फॅकल्टी, हंसा मेहता लायब्ररी, कमाटीबागेतली हिरवळ आणि रात्रीची सेव उसळ. कीर्ती मंदिरातली नंदलाल बोसांची भित्तिचित्रं किंवा दांडिया बाजारातलाच तांबेकर वाडा यातलं काही आम्ही पाहिलं नाही. टोरांटोवालीला ते फार मनापासून पाहायचं आहे.

तर विचारायचं ते असं. उत्तरायणाच्या दोन दिवसांत चित्रं वगैरे पाहणं जमतं का? गुडघेवाली आणि काकू, दोघींना अगाशीवर नेण्याची काही सोय होऊ शकते का? की मैत्रिणीचं ऐकून २१-२२ च धरावी?

लकडीपूल:

ताई, मी जन्मापासून बडोद्यात, आता रिटायर्ड. तुमच्या मैत्रिणीचा सल्ला शहर पाहणाऱ्याला बरोबर आहे. तुम्ही काकूंना भेटायला येताय, तर उत्तरायणालाच या. २१ तारखेला अगाशीवर कोणी नसेल.

१४ आणि १५ ला काही पाहण्याची आशा ठेवू नका. दोन्ही दिवस सुट्टी. बाजार बंद, रस्ते ओस आणि शहर वर. उघडी असतात ती फरसाणवाल्यांची दुकानं, तिथे सकाळपासून उंधियू-जलेबीच्या रांगा. घरी करणार नसाल तर आदल्या दिवशी नोंदवून ठेवा. उंधियू घरीच करायचा असेल तर पापडी आणि कंद १२ तारखेलाच घ्या, १३ ला भाव वेगळे असतात.

चित्रांसाठी शुक्रवार, १३ तारीख वापरा. रात्रीच्या गाडीने सकाळी पोहोचा. दिवसा कीर्ती मंदिर आणि वाडा, संध्याकाळी गेंडी गेटच्या रस्त्यावर पतंग घ्यायला. ती गर्दी टोरांटोच्या ताईंना जरूर दाखवा. रस्त्याच्या कडेला मांजा रंगवणारे बसलेले असतात, चरखे फिरत असतात, मध्यरात्र उलटली तरी गिऱ्हाईक हलत नाही. गुडघेवाल्या ताईंना मात्र तिथे नेऊ नका, धक्काबुक्की असते.

आता जिना. पोळातल्या घरांचे जिने मला माहीत आहेत, ऑपरेशन झालेल्या माणसाने तो विचार करू नये. मैत्रिणीला विचारा, कारेलीबाग, वारसिया, निझामपुरा अशा भागात कोणी नातेवाईक लिफ्टच्या इमारतीत आहेत का. बडोद्याच्या मराठी घरात एक तरी नक्की निघेल. पण एक लक्षात घ्या, बहुतेक इमारतींत लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते, अगाशीचा शेवटचा जिना चढावाच लागतो. आमच्या इमारतीत आजींना आम्ही हाताच्या खुर्चीत बसवून नेतो. एक जण मागून पाठ धरतो, दोघं पुढून पाय. खुर्ची लाकडी, वजनदार हवी. प्लॅस्टिकची वाकते. वर कठड्यापासून लांब, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसवायचं आणि फिरकी हातात द्यायची. काकूंना पतंग उडवायचा नसला तरी फिरकी सोडणार नाहीत बघा.

दुचाकीवर त्या दोन दिवसांत कोणी बसू नका. मांजा गळ्यावर येतो. दुचाकीला पुढे तारेची कमान लावतात, पण मागे बसलेल्याचं काय? रिक्षा करा.

शिकाऊ_चित्रकार:

लकडीपूलकाका, तुमच्या एका वाक्याला विरोध आहे, म्हणून लिहिते. "दिवसा कीर्ती मंदिर आणि वाडा" असं एका दमात उरकू नये. मी बडोद्याच्या फाइन आर्ट्सची, त्या भिंतींपुढे बसून बरंच काही शिकले, म्हणून हे अगदी कळकळीने सांगते.

कीर्ती मंदिर १९३६ चं. सयाजीराव महाराजांनी गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी बांधवून घेतलं. शिखरावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी आहेत आणि त्या पृथ्वीवर अखंड हिंदुस्थानचा नकाशा. बहुतेक लोक बाहेरूनच फोटो काढून निघतात. चित्रं आत, मधल्या दालनाच्या चारही भिंतींवर उंचावर आहेत. नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात ती केली, म्हणजे महाराज १९३९ मध्ये गेले आणि काम पुढे चालूच राहिलं. गंगावतरण, मीराबाईचं आयुष्य, रवींद्रनाथांच्या नाटकातली नटीर पूजा आणि महाभारताचं युद्ध. पहिल्यांदा मान वर केली की नुसते रंग दिसतात, कोण कुठे आहे तेही कळत नाही. बसून राहिलं की गंगावतरणातल्या शंकराची ती प्रचंड शांत आकृती पुढे येते आणि बाकी सगळं तिच्याभोवती लागतं. मग नटीर पूजेतली नर्तकी शोधा. स्तूपाची पूजा करायला मनाई असताना ती नाचातूनच पूजा करते आणि मारली जाते. अजिंठ्याची रेषा ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना ती इथे लगेच ओळखू येईल. दुर्बीण असेल तर न्या, खरंच सांगते.

तांबेकर वाडा अगदी वेगळा. भाऊ तांबेकर बडोद्याचे दिवाण होते, एकोणिसाव्या शतकात. वरच्या मजल्यांवर भिंती आणि लाकडी दारं चित्रांनी भरलेली आहेत. कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया, गोऱ्या बायका, सगळं एकाच खोलीत, आणि मराठा शैलीत काढलेलं. पण तिथलाही जिना अरुंद आहे. नाशिकच्या ताईंनी तो टाळलेला बरा, त्या वेळात काकूंजवळ बसता येईल, घर त्याच बाजारात आहे. दोन्ही ठिकाणी आत सोडण्याच्या वेळा आदल्या दिवशी मैत्रिणीकडून विचारून घ्या.

म्हणून माझं मत, शुक्रवारी फक्त कीर्ती मंदिर. सकाळी, उजेड आत येत असताना. वाडा जमला तर. फतेसिंग म्युझियममधली राजा रविवर्म्याची मूळ चित्रंही पाहण्यासारखी आहेत, पण ती पुढच्या खेपेला, सोमवार सोडून.

कोठीवरचा:

चित्रांतलं मला फार कळत नाही, पण दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मी दर वर्षी जखमी पक्ष्यांच्या छावणीत काम करतो. सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी दिवस मावळताना पक्षी घरट्यातून निघतात आणि परत येतात. त्या वेळात पतंग खाली घ्या. कबुतरं, घुबडं, विश्वामित्रीवरचे करकोचे, पंख उसवून येतात आणि कित्येक पुन्हा उडत नाहीत. साधी सुती दोरी घ्या, नायलॉनची घेऊ नका, तिच्यावर बंदीही आहे. दुसऱ्या दिवशी अगाशीवर अडकलेला मांजा गुंडाळून जाळून टाका, कचऱ्यात टाकू नका. काकूंच्या हातात फिरकी असेल तर बोटांना चिकटपट्टी लावा, म्हातारपणी कातडी पातळ असते.

प्रतापगंज:

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून काल रात्री चौघी फोनवर बसलो आणि ठरलं. १३ लाच येतो. शुक्रवारची रजा टाकली.

कीर्ती मंदिर सकाळी, एवढंच. शिकाऊ_चित्रकार, तुमच्या लिहिण्याने टोरांटोवाली इतकी पेटली आहे की ती दुर्बीण विकत घेते आहे. वाडा ती आणि मी दोघीच पाहू, नाशिकवाली काकूंकडे थांबेल. तिला ते जास्तच आवडलं, कारण होस्टेलच्या दिवसांत काकूंच्या स्वयंपाकघरात सगळ्यात जास्त वेळ तीच असायची.

काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं! मैत्रिणीच्या मावसभावाचा कारेलीबागेत फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, आणि शेवटचा जिना दहा-बारा पायऱ्यांचा, रुंद. मावसभावाची दोन मुलं कॉलेजात आहेत, ती खुर्ची उचलणार. काकूंना सांगितलं तेव्हा त्या आधी म्हणाल्या, "मला काय करायचंय वर येऊन, तुम्ही जा." मग थोड्या वेळाने मैत्रिणीला विचारलं, "मांजा कोणाकडून रंगवून घेणार आहात? मागच्या वेळचा कच्चा होता." म्हणजे येणार.

मैत्रिणीची एकच काळजी राहिली आहे. दांडिया बाजारातून कारेलीबागेत काकूंना १४ ला सकाळी न्यायचं की १३ ला रात्रीच?

लकडीपूल:

१३ ला रात्रीच न्या, गेंडी गेटहून परत येताना. १४ ला सकाळी रिक्षा मिळते, पण आठनंतर रस्त्यात पतंग पकडणारी पोरं धावत असतात, वर बघत. रिक्षावाले हळू चालवतात आणि काकूंना धक्के बसतील. शिवाय त्या रात्री तिथेच झोपल्या तर सकाळी घाई नाही. औषधांची पिशवी आणि त्यांची उशी न विसरता घ्या, १४-१५ ला औषधाचं दुकान शोधत फिरावं लागतं. वर उन्हासाठी सुती रुमाल आणि टोपी. अकरानंतर चांगलंच तापतं, पण सकाळी अगाशीवर थंडी असते, त्यामुळे शालही हवी.

गाडीचं आरक्षण आजच बघा. उत्तरायणाच्या आदल्या रात्री मुंबईहून सुरत-बडोद्याकडे येणाऱ्या गाड्या फार लवकर भरतात. परतीचं रविवारी रात्रीचं मिळालं नाही तर सोमवारी पहाटेचं घ्या, रविवारी संध्याकाळची तुक्कलं चुकवू नका.