प्रायव्हसी बॅजर की हूटसूट?

वर विचारलंय दोन्हीपैकी कुठलं चांगलं, पण अहो यांचं काम एकच नाहीये. बॅजर हे इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये आणलेलं फुकट एक्स्टेन्शन, ते ब्राउझरमध्ये बसून एका साईटवरून दुसरीकडे आपला माग काढणारे ट्रॅकर अडवतं. हूटसूट हे सोशल मीडिया सांभाळायचं टूल, त्याला उलट आपणच आपल्या सोशल मीडिया अकाउंटची परवानगी देतो, मग ते पोस्ट शेड्युल करतं, मेसेज एका जागी दाखवतं. मला विचाराल तर दोन्ही ठेवा, हूटसूटचा डॅशबोर्ड (मुख्य पान) अर्धवट लोड झाला तर तेवढ्या साईटपुरतं बॅजर बंद करून बघा. आणि हूटसूटसारखं टूल वापरणं सोडलंत की त्या सोशल मीडिया अकाउंटच्या सेटिंगमध्ये जाऊन दिलेली परवानगी आठवणीने काढा, नुसतं लॉगआउट करून ती जात नाही, बरेचजण इथेच चुकतात.