अंगकोर : पास एका दिवसाचा घ्यावा की तीन दिवसांचा?

वेरूळची_लेक
नमस्कार. मी चोवीस वर्षांची असून पहिल्यांदाच एकटी परदेशी निघाले आहे. जानेवारीत कंबोडियातील सिएम रीप येथे पाच दिवस मुक्काम आहे. तेथील अंगकोर या प्राचीन मंदिरसमूहाचा पास एका दिवसासाठी ३७ आणि तीन दिवसांसाठी ६२ डॉलरला मिळतो. बहुतेक सहलींच्या कार्यक्रमांत पहाटे सूर्योदय, मग अंगकोर वाट, बायोन आणि ता प्रोम ही मंदिरे असे सारे एका दिवसात उरकलेले दिसते. लहानपण वेरूळच्या वाऱ्या करण्यात गेल्यामुळे ही घाई पटत नाही, पण वरचे पंचवीस डॉलर माझ्यासाठी थोडे नाहीत. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

दगडवाचक
तीन दिवसांचाच घ्यावा. तो दहा दिवसांत कोणतेही तीन दिवस वापरता येतो, त्यामुळे मधे एक दिवस पायांना विश्रांती देता येते.

खरा वेळ अंगकोर वाटच्या शिल्पपटांना लागतो. हे मंदिर दुसऱ्या सूर्यवर्म्याने बाराव्या शतकात विष्णूसाठी उभारले आणि त्याचे मुख पश्चिमेला आहे. आपण सवयीने प्रदक्षिणेला डावीकडे वळतो. येथे मात्र पश्चिमेच्या दारातून आत शिरल्यावर उजवीकडे वळावे, म्हणजे भिंत आपल्या डाव्या हाताला राहते आणि चित्रे ज्या क्रमाने कोरली आहेत त्या क्रमाने समोर येतात. प्रथम कुरुक्षेत्र लागते, त्यात शरपंजरी भीष्म शोधून पाहावेत. दक्षिणेच्या भिंतीवर आधी राजाची मिरवणूक आणि पुढे यमाचा न्याय व नरक आहेत. कोपरा वळलात की पूर्वेला सुमारे ४९ मीटर लांबीचे समुद्रमंथन सुरू होते. वासुकीला ओढणाऱ्यांच्या ओळीत तेच वाकलेले गुडघे आणि तेच ताणलेले हात पुन्हा पुन्हा येतात, आणि दहाएक पावलांनंतर आपणही त्या दोराबरोबर ओढले जात आहोत असे वाटू लागते. मला या एका भिंतीला पाऊण तास लागला होता. बरोबरच्या मंडळींना तो फार वाटला, हा भाग वेगळा.

पहाटपाखरू
वरील मताशी सहमत आहे, फक्त सूर्योदयाबद्दल थोडे लिहितो. मंदिर पश्चिमाभिमुख असल्यामुळे सूर्य त्याच्या मागून उगवतो आणि शिखरांच्या केवळ काळ्या आकृती दिसतात. उत्तरेकडील तळ्याच्या काठी शेकडो लोक मोबाइल उंचावून उभे असतात. तरीही जावे, कारण फायदा नंतरचा आहे : सूर्य वर आला की बरीचशी गर्दी न्याहारीसाठी परतते आणि दालने जवळजवळ रिकामी होतात. पश्चिमेच्या दर्शनी भागाचे छायाचित्र हवे असल्यास दुपारनंतर पुन्हा यावे.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. सर्वांत वरच्या मजल्यावर जाण्यासाठी खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. मी अर्ध्या विजारीत गेलो होतो आणि जिन्याच्या पायथ्याशीच अडवला गेलो. बौद्धांच्या उपोसथाच्या (महिन्यातील पवित्र) दिवशी तो मजला बंद असतो. शिवाय डॉलरच्या नोटा कोऱ्या न्याव्यात, कारण किंचित फाटलेली नोटही दुकानदार परत करतात. सुटे पैसे रिएल या कंबोडियन चलनात मिळतात. एका डॉलरला साधारण ४,००० असा हिशेब धरावा.

वेरूळची_लेक
मनःपूर्वक आभार. तीन दिवसांचा पास घेते. तिसऱ्या दिवशी बांते स्रेईच्या मंदिरात जावे का? टुकटुकने तासाभराचा रस्ता आहे असे कळले.

दगडवाचक
तुम्ही वेरूळच्या, तेव्हा ते चुकवूच नका, आणि त्यासाठी वेगळे तिकीटही नाही. हे शिवमंदिर इ.स. ९६७ मधले, तांबूस वालुकाश्माचे आणि आकाराने इतके लहान आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याची निराशा होते. मग नजर कोरीवकामावर स्थिरावते. दक्षिणेकडील छोट्या वास्तूच्या पूर्व दर्शनी भागावर कैलास हलवणारा रावण आहे. कैलास लेण्यात तो पर्वताखाली एकटा झगडताना दिसतो, तर येथे पर्वत पायऱ्यांचा असून त्यावर ऋषी आणि प्राणी घाबरून पांगलेले आहेत. पार्वती मात्र दोन्हीकडे शंकराला बिलगलेली आहे. निघण्यापूर्वी वेरूळचे एक छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवा, आणि तेथे समोर उभे राहून दोन्ही पार्वतींचे हात ताडून पाहा.