ग्रेस हॉपर सेलिब्रेशनला स्वतःच्या खर्चाने जावं का? (फिलाडेल्फिया, ऑक्टोबर 2024)

नाशिककर_जर्सीत

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत एमएस करतेय, कॉम्प्युटर सायन्स, दोन सेमिस्टर झाले, पुढच्या मे महिन्यात डिग्री हातात येईल. यंदाच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप मिळाली नाही, प्रोफेसरांकडे रिसर्चचं थोडं काम करतेय. ग्रेस हॉपर सेलिब्रेशन, म्हणजे टेकमधल्या बायकांची मोठी परिषद आणि जॉब फेअर, यंदा फिलाडेल्फियाला आहे, 8 ते 11 ऑक्टोबर, म्हणजे आमच्याकडून जवळच, विमानाचा खर्च नाही. पण विद्यार्थ्यांचं तिकीटसुद्धा काही स्वस्त नाही आणि माझा सगळा खर्च एज्युकेशन लोनवर चाललाय, घरी बाबांना सांगायचं तर नीट कारण सांगता आलं पाहिजे.

क्लासमधल्या मुली म्हणतात तिथे ऑन द स्पॉट इंटरव्ह्यू होतात, नोकरी घेऊनच परत ये. सीनियर म्हणते आता तिथे नुसत्या रांगा असतात, पैसे वाया जातील. कुणाचं खरं मानायचं? शिवाय आमच्या ग्रुपमधला एक मित्र म्हणतोय मीपण तिकीट काढतो, पुरुषांना बंदी थोडीच आहे. मला ते बरोबर वाटत नाहीये पण त्याला काय सांगावं तेही सुचत नाही, तोपण बिचारा जॉब शोधतोय. जाऊन आलेल्या कुणी असाल तर प्लीज सविस्तर सांगा.

मुलुंड_टू_सिएटल

अगं मी 2018 ला ह्यूस्टनला गेले होते, तेव्हा मीपण तुझ्यासारखीच एमएसच्या शेवटच्या वर्षाला होते, त्यामुळे सांगते. आधी हे समजून घे की ती दोन वेगळी जगं आहेत एकाच छपराखाली. एक करिअर फेअरचा हॉल, आणि दुसरं बाकी सगळं, म्हणजे टेक्निकल टॉक, पोस्टर, वर्कशॉप, मेंटॉरिंगची टेबलं. बहुतेक मुली पहिल्यात अडकतात आणि दुसरं बघतच नाहीत.

ऑन द स्पॉट इंटरव्ह्यू होतात हे खरं आहे, पण त्यातली मेख कुणी सांगत नाही. पडदे लावून केलेल्या छोट्या छोट्या केबिन असतात, तिथे दोन खुर्च्या आणि एक टेबल, शेजारच्या केबिनमधली मुलगी कोडिंगमधला बायनरी ट्री समजावत असते ते तुला ऐकू येतं. पण त्या केबिनमध्ये आत जाणाऱ्या बऱ्याच जणींचे स्लॉट आधीच ठरलेले असतात. रजिस्ट्रेशन केल्यावर रेझ्युमे डेटाबेसमध्ये टाकता येतो, कंपन्या तो आधी चाळतात, मेल पाठवतात, कोडिंग टेस्ट घेतात, आणि मग तिथे बोलावतात. म्हणून तू सप्टेंबरमध्ये काय करतेस यावर सगळं आहे. नुसता रेझ्युमेचा गठ्ठा घेऊन बूथवर उभं राहिलं तर क्यूआर कोड स्कॅन कर आणि वेबसाइटवर अप्लाय कर एवढंच ऐकायला मिळतं, त्यासाठी फिलाडेल्फियाला जायची गरज नाही.

आणि बूथवर पहिलं वाक्य व्हिसाचं विचार. लाजू नकोस. एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर आहे, ओपीटी (डिग्रीनंतर काम करायची परवानगी) नंतर स्टेमचं, म्हणजे सायन्स-टेकवाल्यांचं एक्स्टेन्शन मिळून तीन वर्षं होतात, पुढे वर्क व्हिसा स्पॉन्सर करता का? नाही म्हणाले तर थँक्यू म्हणून पुढे. डिफेन्सवाल्या कंपन्यांना तर सिटिझनच लागतात, तिथे उगाच उभं राहू नकोस.

आता दुसऱ्या जगाबद्दल. मी डिस्ट्रिब्यूटेड सिस्टिम्सच्या एका टॉकला जाऊन बसले, त्यात स्पीकर बाई, प्रश्न विचारणाऱ्या बायका, मला अक्कल शिकवणाऱ्याही बायकाच, आणि कुणीही माझं बोलणं मध्ये तोडलं नाही. मी कॉलेजपासून लॅबमध्ये एकटी मुलगी असायचे गं, तिथे मला पहिल्यांदा कळलं की प्रश्न विचारायच्या आधी मी मनातल्या मनात किती वेळा तो घासूनपुसून घेते. त्या टॉकनंतर ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एकीने पुढे माझं रेफरल केलं, म्हणजे नोकरी मिळाली ती तिथूनच पण फेअरच्या हॉलमधून नाही.

कोथरूडचा_कोडर

मित्राच्या प्रश्नावर लिहितो कारण बाकी अनुभव मला असायचं कारण नाही. त्याला स्पष्ट सांगा की जाऊ नको.

2023 ला ऑर्लँडोला काय झालं ते तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. टेक कंपन्यांमध्ये लेऑफ जोरात होते, जॉब नाहीत, आणि मोठ्या संख्येने पुरुष तिकिटं काढून करिअर फेअरला पोचले. रांगेत घुसणं, ढकलाढकली, रिक्रूटरला घेरून उभं राहणं, याचे व्हिडिओ फिरत होते. काहींनी रजिस्ट्रेशनमध्ये स्वतःची जेंडर खोटी लिहिली असं आयोजकांनी स्टेजवरून सांगितलं. बंदी का घालत नाही असं लोकांनी विचारलं तर उत्तर होतं की तिथल्या कायद्यानुसार तसं करता येत नाही.

आता बघा, व्हिसाची टांगती तलवार मीपण भोगलीय, ओपीटीवर बेकारीचे चालतात तेवढे 90 दिवस मोजत बसणं काय असतं ते माहितीये. त्यामुळे त्याची घाई मी समजू शकतो. पण बंदी नाही म्हणून जायचं का? बाकी सगळे जॉब फेअर आहेत की त्याच्यासाठी. वर्षभर प्रत्येक रांगेत मुलगे जास्त असतात, ही एक जागा मुलींनी मुद्दाम स्वतःसाठी उभी केली, तीसुद्धा आपणच भरायची? आमच्या टीममधून दोघं पुरुष गेले होते एका वर्षी, पण ते कंपनीतर्फे, मुलींचे इंटरव्ह्यू घ्यायला. तसं जायला काहीच हरकत नाही.

खडू_फळा_कोल्हापूर

मी इंजिनिअरिंगला शिकवते, अमेरिकेला गेलेले नाही, पण हे सेलिब्रेशन कुठून आलं ते माहीत असेल तर जायचं की नाही ते ठरवायला मदत होईल असं वाटतं.

1987 मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या एका परिषदेत अनिता बोर्ग यांच्या लक्षात आलं की एवढ्या गर्दीत बायका मोजक्याच आहेत. त्या मोजक्या बायका एकत्र जेवल्या आणि त्यातून सिस्टर्स नावाची ईमेल यादी सुरू झाली, ज्यात टेक्निकल काम करणाऱ्या बाया एकमेकींना अडचणी विचारायच्या. इंटरनेट घरोघरी यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे ही. पुढे 1994 मध्ये बोर्ग आणि टेली व्हिटनी यांनी वॉशिंग्टन डीसीला पहिलं सेलिब्रेशन भरवलं, साधारण 500 जणी होत्या. 2018 ला तोच आकडा 20,000 च्या वर गेला. आकडा वाढला तशा कंपन्या आल्या, कंपन्या आल्या तसा फेअर मोठा झाला, पण मुळात ती संशोधन आणि काम एकमेकींना दाखवायची जागा होती.

आणि नाव ज्यांचं आहे त्या ग्रेस हॉपर. 1952 मध्ये त्यांनी ए-0 कंपायलर, म्हणजे सूचनांवरून कॉम्प्युटरला चालेल असा प्रोग्रॅम जुळवणारा प्रोग्रॅम केला तेव्हा कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, प्रोग्रॅम कसा लिहील असं लोक म्हणत होते. नंतर फ्लो-मॅटिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा, आणि त्यातून कोबोल या पुढच्या भाषेची वाट. नेव्हीतून 1986 ला निवृत्त झाल्या तेव्हा वय 79, हुद्दा रिअर ॲडमिरलचा. त्या भाषणात लोकांना तारेचे तुकडे वाटायच्या, जवळजवळ 30 सेंटिमीटरचे, एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढीच लांब जाऊ शकते हे हातात देऊन सांगायला. मी दरवर्षी फर्स्ट इयरला हे करते. टेलिफोनची जुनी वायर आणायची, पट्टीने मोजून कापायची, प्रत्येक बेंचवर एक. मग विचारायचं की मायक्रोसेकंद केवढा? 300 मीटर! कॉलेजच्या गेटपासून एसटी स्टँडपर्यंत, असं मुलीच मोजून सांगतात. त्या दिवशी मागच्या बेंचवरच्या मुलीसुद्धा हात वर करतात.

अजून एक. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजने पहिल्या वर्षाच्या मुलींना कॉलेजच्या खर्चाने या सेलिब्रेशनला न्यायला सुरुवात केली, पहिल्या सेमिस्टरचा प्रोग्रॅमिंगचा कोर्सही बदलला, उन्हाळ्यात संशोधनाची कामं दिली. काही वर्षांत कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्या मुली साधारण 10 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर गेल्या. मुद्दा असा की तुमच्या डिपार्टमेंटला आधी विचारा बाळा, खिशातून घालायच्या आधी. अनेक विद्यापीठं मुलींचा खर्च उचलतात आणि कुणी विचारतच नाही म्हणून पैसे पडून राहतात.

सांगलीकर_बेंगळुरूत

भारतात 2010 पासून बेंगळुरूला याचंच भारतातलं सेलिब्रेशन भरतंय, मी मुलं झाल्यावर गॅप घेऊन परत कामाला लागायच्या आधी तिथे गेले होते. इथे कॉलेजच्या वर्गात मुली भरपूर असतात, अडचण नंतर सुरू होते, लग्न, बाळंतपण, आणि मॅनेजर म्हणतो तुला हलकं काम देऊ का. मी न मागता हलकं काम कशाला? तिथे माझ्यासारख्या गॅपवाल्या एवढ्या भेटल्या की रेझ्युमेवर ती तीन वर्षं लपवायची सोडून दिली. नाशिककर, तू जा, पण शक्य असेल तर दुसऱ्याच्या पैशाने जा.

नाशिककर_जर्सीत

सगळ्यांना मनापासून थँक्यू, एवढं कुणी सांगितलं नव्हतं. मॅडम, तुमचं वाचून लगेच डिपार्टमेंटला मेल टाकला, ॲडव्हायझर म्हणाल्या की निम्मं तिकीट मिळू शकेल, त्यासाठी एक पान लिहून द्यायचंय आणि परत आल्यावर ज्युनियर मुलींना सेशन घ्यायचं. मित्राला कोडर दादांची पोस्ट पाठवली, तो थोडा नाराज झाला पण म्हणाला ठीक आहे, त्याचा रेझ्युमे मी आमच्या कॉलेजच्या फेअरसाठी नीट करून देणार आहे.

एक शेवटचं. पगाराचं कुणी विचारलं तर काय बोलायचं? मला तर आकडा तोंडातून निघत नाही.

मुलुंड_टू_सिएटल

निघाला पाहिजे. 2014 ला फिनिक्सच्या सेलिब्रेशनमध्ये मायक्रोसॉफ्टचे सीईओ सत्या नाडेला यांना स्टेजवर हाच प्रश्न विचारला होता, त्यांनी सांगितलं की बायकांनी पगारवाढ मागू नये, सिस्टिमवर विश्वास ठेवावा, चांगलं कर्म आहे ते. समोर मुलाखत घेत होत्या मारिया क्लावे, मॅडमनी लिहिलंय त्याच हार्वी मडच्या तेव्हाच्या प्रेसिडेंट आणि मायक्रोसॉफ्टच्या बोर्डावरही. त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं की हे मला पटत नाही, आणि आपण स्वतः पगाराचं न बोलल्यामुळे कसं नुकसान झालं तेही सांगितलं. त्याच दिवशी नाडेलांनी आपलं उत्तर पूर्ण चुकलं असं लिहून मान्य केलं. एवढ्या मोठ्या सीईओसमोर, हजारो लोकांत, बाई बोलली ना? मग तू चार भिंतीत बोलू शकतेस.

करायचं असं. त्या शहरात त्या पोझिशनला काय देतात ते आधी बघून ठेव, एक रेंज ठरव, खालचा आकडा तुला खरंच चालेल असाच ठेव. आकडा बोलून झाला की गप्प बस, सॉरी नाही, बट नाही, स्पष्टीकरण नाही. रूममेटला समोर बसवून मोठ्याने सराव कर, मनात केलेला सराव उपयोगाचा नाही.

आणि राहायचं हॉटेल घेऊ नकोस, एनजे ट्रान्झिटने ट्रेंटन, तिथून सेप्टाची लोकल पकडून जेफरसन स्टेशनला उतर, कन्व्हेन्शन सेंटर अगदी लागून आहे. आतलं जेवण महाग पडतं, शेजारीच रीडिंग टर्मिनल मार्केट आहे तिथे खा. बूट मात्र जुने, सवयीचे घाल. एक पानाचा ड्राफ्ट झाला की इथे टाक, रविवारी बसून वाचते.