'राजावर घोडा बसला'

वाक्य मनात पूर्ण तयार होतं आणि तोंड ते नुसतं वाचून दाखवतं, हे मत काही पटलं नाही. बोलताना होणाऱ्या चुका बघा. 'घोड्यावर राजा बसला' म्हणायला जावं आणि तोंडून 'राजावर घोडा बसला' निघावं. शब्दांची अदलाबदल झाली, पण 'वर' जागचं हललं नाही. शिवाय 'घोड्या'चं मुकाट 'घोडा' झालं. म्हणजे शब्द आधी जागा धरतात, त्यांची रूपं नंतर घडतात. 'काळा घोडा'चं 'घाळा कोडा' होतं ती गंमत त्याच्याही खालच्या, ध्वनींच्या पायरीवरची.

शब्द ओठांवर येऊन अडतो तेव्हाही अर्थ हजर असतो, ध्वनी तेवढे गायब. ब्राउन आणि मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे तपासलं, तर न आठवणाऱ्या शब्दाचं पहिलं अक्षर लोकांना बरेचदा बरोबर सांगता आलं!