मदत हवी आहे: कानामागच्या हाडाचं ऑपरेशन, नाशिक

नमस्कार मंडळी. आम्ही पंचवटीत राहतो. वडिलांचा डावा कान बरीच वर्षं फुटतो, घाण वास येतो. आता ईएनटी डॉक्टरांनी सीटी स्कॅन करून फाईलवर लिहून दिलंय: ‘मॉडिफाइड रॅडिकल मॅस्टॉइडेक्टॉमी विथ टिम्पॅनोप्लास्टी’. ‘रॅडिकल’ वाचून आईने जेवण सोडलंय. तिला वाटतंय कॅन्सरच आहे. तसं नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

मला समजलं ते असं. कानामागे जे टणक हाड हाताला लागतं ते मॅस्टॉइड. आतून ते मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं आणि मधल्या कानाला जोडलेलं असतं. वडिलांच्या कानात कोलेस्टिएटोमा झालाय, म्हणजे पडद्यातून आत शिरलेली कातडी साठत जाते आणि हाड पोखरते. गोळ्या-ड्रॉप्सनी ती जात नाही, म्हणून सडलेलं हाड ड्रिलने कोरून काढायचं. टिम्पॅनोप्लास्टी म्हणजे पडदा नवा बसवणं. चेहऱ्याची नस तिथूनच जाते, ही खरी धास्ती.

ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा: कानाच्या नळीची मागची भिंत काढली की ठेवली? काढली तर कान साफ करायला किती दिवसांनी जावं लागतं? ऐकू येण्यात फरक पडला का?

आणि पाण्याचं काय? आमचे अण्णा, म्हणजे वडील, रोज रामकुंडावर बुडी मारणारे. त्यांना घरी तांब्याने आंघोळ करा म्हणून पटवायचं कसं, तेही सुचवा.

नाशिकमध्ये दुसरं मत कुठे घ्यावं?